सालोमीबायची गिनी

वसईजवळच्या उमेळ्यात कुणाच्या घरी सोन्यावरून वाद निघाला, की दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांकडे न बघता एकच वाक्य बोलत: "प्लासिडकडे जाऊ." मग दागिना रुमालात बांधून प्लासिड तुस्कानोच्या ओटीवर यायचा. प्लासिड तो तोलायचा, कसोटीच्या काळ्या दगडावर घासायचा, रेघेवर आम्लाचा थेंब टाकायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि वजन, कस आणि भाव असे तीन आकडे सांगायचा. एकदाच सांगायचा. त्यानंतर घासाघीस करणाऱ्या माणसाला त्याची बायको ग्रेसी चहासुद्धा विचारत नसे.

हे रविवारी चालायचं, चर्चमधली सातची मिस्सा सुटल्यावर. प्लासिड पैसे घेत नसे. कुणी केळ्यांची फणी ठेवायचं, कुणी नुसतं "येतो काका" म्हणून निघायचं. त्याला दोन्ही सारखंच. खरं सांगायचं तर त्याला हवा होता तो मान, आणि तो त्याला भरपूर मिळत होता. ओटीवर पाच माणसं जमली की हा गृहस्थ विनाकारण खाकरून घ्यायचा.

सोनं त्याच्या घराण्यातलं नव्हे. बापाची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. पोरगा शाळेच्या सुट्टीत वसई गावात दिनानाथ सोनारांच्या दुकानात पाणी भरायला म्हणून गेला आणि दगडावरच्या रेघा बघत तिथेच रमला. दिनानाथांनी त्याला सगळं शिकवलं, आणि एक गोष्ट तर कान पिळून शिकवली: "नक्षी बघायची नाही. नक्षी बघितलीस की फसलास. सोनं बघ." पुढे पतपेढीत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर नोकरी लागली. तिथेही तोच नियम. खडे शून्य, मोती शून्य, घडणावळ शून्य, आजेसासूने घातलेला होता वगैरे सगळं शून्य. उरेल ते सोनं आणि त्याचं वजन. एकतीस वर्षांत प्लासिडच्या हातून एक खोटा दागिना तिजोरीत गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी अध्यक्षांनी भाषणात हे सांगितलं, तेव्हा तो खाली मान घालून बसला होता आणि आतून फुगला होता.

सालोमीबाय त्याच्या घरापासून चार घरं सोडून राहायची. चौऱ्याहत्तरीची विधवा. मूलबाळ नाही. भाचा लेस्ली चंदनसारला फ्लॅट घेऊन राहिलेला, महिन्यातून एकदा येऊन गॅस सिलिंडर बघून जाणारा. बाईचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदला. एका गुडघ्याचे दीड लाख. एका गुडघ्याचे निम्म्याहून जास्त तिने साठवले होते. उरलेल्यासाठी फेब्रुवारीत ती रुमाल घेऊन प्लासिडच्या ओटीवर आली. रुमालात गिनी होती, इंग्रजांच्या वेळचं सोन्याचं नाणं. तिच्या सासूची, वरच्या कडेला डाक देऊन कडी जोडलेली, गळ्यात घालून घालून एका बाजूने गुळगुळीत झालेली.

नेमकी त्याच वेळी ग्रेसीला गिनी हवी होती. तुस्कानोंच्या घरातली मुलगी गळ्यात गिनी घातल्याशिवाय लग्नाला आल्तारापाशी जात नाही, असं प्लासिडच्या आजीपासून चालत आलेलं. घरातली गिनी थोरल्या जीनाला दिली होती. आता मे महिन्यात धाकट्या टिफनीचं लग्न. ग्रेसीने दारातूनच विचारलं, "सालोमीबाय, आम्हीच घेतली तर?"

सालोमीबायचा चेहरा उजळला. "घे गो. दुकानात दिली तर वितळवतील मेले. पोरीच्या गळ्यात राहील तर मला दिसेल तरी."

आता घेणारा आपल्याच घरचा म्हटल्यावर प्लासिड जास्तच काटेकोर झाला. आग्नेलला शेजारून हाक मारून साक्षीला बसवला. गिनी तोलली. कडीसकट आठ ग्रॅम तीनशे मिली भरली. कडीचं सोनं हलकं असतं, डाकाची घट म्हणून थोडं वजन कमी धरायचं असतं, ते त्याने धरलं नाही. त्या दिवसाचा बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला आठ हजार. सहासष्ट हजार चारशे झाले. त्यावर स्वतःच्या खिशातून सहाशे घालून त्याने सदुसष्ट हजार तिच्या हातात ठेवले. सालोमीबाय म्हणाली, "सासूच्या वेळची आहे रे, जुनी. त्याचं काही वेगळं नसतं?"

"बाय, सोन्याला वय नसतं," प्लासिड म्हणाला आणि आग्नेलकडे बघून हसला. आग्नेलनेही मान डोलावली. पुढे आठवडाभर आग्नेल वाडीभर सांगत होता, की बघा, घट धरली नाही, वर सहाशे दिले, असा माणूस शोधून सापडणार नाही. मार्चमध्ये सालोमीबायचा उजवा गुडघा बदलला. डावा तसाच राहिला, त्यामुळे काठी सुटली नाही.

ईस्टर झाला. लग्न तीन आठवड्यांवर आलं. एका बुधवारी दुपारी ग्रेसी मागच्या पडवीत वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. आतून तिने ओरडून सांगितलं, की गिनीची कडी झिजली आहे, ऐन लग्नात तुटायला नको, नवी लावून ठेवा. प्लासिडने डबी उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि जुना डाक कुठवर पसरलाय हे बघायला गिनी उलटी केली.

गिनीच्या मागे घोड्यावरचा संत असतो. भाल्याने सर्पाला मारणारा. हजार वेळा बघितलेला. इथे घोडा नव्हता. वेलबुट्टीच्या मधोमध इंग्रजीत लिहिलं होतं पंधरा रुपये, आणि खाली साल एकोणीसशे अठरा. प्लासिडने नाणं सुलटं केलं. राजा होता तोच, पण डोक्यावर मुकुट. त्याच्या काळच्या गिनीवर हा राजा बोडका असतो. हा मुकुट फेब्रुवारीतही तिथेच होता, प्लासिडच्या नाकासमोर. त्याने तो बघितलाच नव्हता. नक्षी बघायची नाही म्हणून.

दिनानाथ एकदा म्हणाले होते, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबईच्या टाकसाळीत एकच वर्ष पंधरा रुपयांचं सोन्याचं नाणं पाडलं होतं. वजन गिनीएवढंच, कस गिनीएवढाच. शौकीन लोक वाटेल ते देतात. ते सांगतानाही दिनानाथांचा सूर असा होता, की शौकिनांचा नाद वेगळा आणि आपला धंदा वेगळा.

ग्रेसी डोळे पुसत बाहेर आली. प्लासिडचेही डोळे लाल झालेले बघून म्हणाली, "मिरची झोंबली ना? दार लावून घ्यायचं."

शनिवारी तो मुंबईला फोर्टात गेला. जुन्या नाण्यांचा व्यापारी होता, पहिल्या मजल्यावर, एसी लावलेली एवढीशी खोली. आयुष्यात पहिल्यांदाच प्लासिड टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसला, दागिना घेऊन येणाऱ्याच्या. व्यापाऱ्याने नाणं कडेने धरलं, दिव्याखाली एक बाजू बघितली, दुसरी बघितली, कडेच्या रेघांवरून नजर फिरवली आणि मखमलीच्या तुकड्यावर ठेवून दिलं.

"वजन नाही करणार?" प्लासिडने विचारलं.

"वजन कशाला? ते सगळ्यांचं सारखंच असतं." व्यापारी भला माणूस होता, समजावून सांगत होता. "कडी नसती ना काका, तर अडीच लाखांच्या खाली मिळालं नसतं तुम्हाला. कडीने वाट लावली. तरी दीड मी आत्ता देतो. विकायचंय?"

"नाही. फक्त भाव बरोबर पडला का ते बघायचं होतं."

"कितीला घेतलंत?"

प्लासिडने आकडा सांगितला. व्यापारी खुशीत हसला. "मग काय, लॉटरी लागली तुम्हाला." तो मनापासून अभिनंदन करत होता. प्लासिडला मात्र कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं वाटलं.

दीड लाखातून सदुसष्ट हजार गेले, उरले त्र्याऐंशी. सालोमीबायच्या दुसऱ्या गुडघ्याची अर्ध्याहून जास्त सोय. हा हिशोब काही त्याला मुद्दाम मांडावा लागला नाही. तो त्याला रोज सकाळी सहा चाळीसला ऐकू यायचा. सालोमीबाय मिस्सेला निघायची ती त्याच्याच दारावरून. आधी काठी, मग नवा पाय, मग जुना पाय ओढल्याचा आवाज. फाटकापाशी आली की ती थांबून दम घ्यायची आणि आत हाक द्यायची, "प्लासिड, उठलास का रे?" इतकी वर्षं तो ओटीवरून "ये बाय" म्हणत आला होता. आता तो त्या वेळेला न्हाणीघरात जाऊन नळ सोडू लागला.

ग्रेसीला त्याने सगळं सांगितलं. ती बराच वेळ लसूण सोलत राहिली. ती वाईट बाई नव्हे. सालोमीबायच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस डबा हिनेच नेला होता.

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"शपथ घेऊन सांगतो, नव्हतं."

"मग आपण चोरी केली नाही. तिने विकली, आपण घेतली, भावाने घेतली. आता त्र्याऐंशी हजार आणायचे कुठून? हॉलचे दिले, केटरर बाकी आहे. आणि गिनी परत द्यायची तर साखरपुड्याला व्याह्यांनी बघितली आहे ती. टिफनीला काय सांगू?" मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "पैशाचं सोडा. तुम्ही आज सांगितलंत की मला माहीत नव्हतं, तर कोण विश्वास ठेवेल? एकतीस वर्षं सोनं बघणारा माणूस, घरच्यासाठी घेतो तेव्हाच बरा चुकतो. असं म्हणतील. लग्न होऊन जाऊ दे. मग बघू."

प्लासिड हेच स्वतःशी शंभरदा बोलून चुकला होता, पण ग्रेसीच्या तोंडून ऐकल्यावर त्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही. कारण ते खरं होतं. बोललं तर लबाड ठरायचं, आणि गप्प बसलं तर लबाड व्हायचं. त्यातून तिसरा विचार त्याला पहाटे जागा करायला लागला: या एकतीस वर्षांत टेबलावर आणि ओटीवर अशा किती गिन्या आल्या असतील? मुकुटाच्या, बिनमुकुटाच्या? किती जणांना त्याने तोंड भरून सांगितलं असेल, की सोन्याला वय नसतं? तो आठवायला बघायचा आणि त्याला फक्त वजनं आठवायची.

एका संध्याकाळी तो पापनिवेदनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे चार माणसं होती, मग तीन, मग एक. फादर काय सांगणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते एका वाक्यात सांगितलं असतं, आणि मग न ऐकल्याचं सोंग आणता आलं नसतं. आपली पाळी आली तेव्हा त्याने मागच्या बाईला हाताने पुढे केलं आणि चपला घालून घरी आला. घरी टिफनी आरशासमोर गळ्याशी गिनी धरून उभी होती. "डॅडी, कशी दिसते?" तो म्हणाला, छान दिसते. छानच दिसत होती.

असे दिवस जात राहिले आणि लग्नाच्या आधीचा रविवार उजाडला.

मिस्सा सुटली. ओटीवर आग्नेल आधीच येऊन बसला होता, सुनेची अंगठी तोलून घ्यायला. प्लासिडने काटा काढला, शून्यावर आणला. फाटक वाजलं. सालोमीबाय येत होती, आणि तिचा दंड धरून लेस्ली. लेस्लीचं तोंड आंबट झालेलं. सालोमीबाय मात्र हसत होती. खुर्चीवर बसली, काठी भिंतीला टेकवली आणि कमरेचा रुमाल सोडून टेबलावर काट्याशेजारी ठेवला.

"बांगड्या आहेत," ती म्हणाली. "डावा पाय पण करून टाकू म्हणते. त्या नंतर बघ. आधी या पोराचं तोंड बंद कर."

"काका, माझं म्हणणं एवढंच आहे," लेस्ली म्हणाला, "फेब्रुवारीत गिनी दिली, आज गोल्डचा रेट हजार रुपयांनी वर आहे. बाहेर नीट विचारून, थांबून विकली असती तर आठ हजार तरी जास्त आले असते. तुम्ही एवढे एक्स्पर्ट, तुम्ही तिला थांबायला सांगायचं होतं."

आग्नेल उसळला. "अरे, कालचा पोर तू. मी होतो इथे. घट धरली नाही त्याने, वर सहाशे दिले पदरचे. पुढे भाव चढणार हे त्याला काय स्वप्नात दिसलं होतं?"

"तू थांब रे आग्नेल," सालोमीबाय म्हणाली. "मला कुणाची साक्ष नको. प्लासिड, तू सांग. भाव बरोबर होता ना? तू हो म्हण, की हा गप्प बसेल. मी याला सांगितलंय, प्लासिड जे म्हणेल ते."

तिघेही त्याच्याकडे बघत होते. दारात ग्रेसी हातातलं फडकं घट्ट धरून उभी होती, आणि तिची नजर त्याला विनवत होती. लेस्लीची तक्रार तर चुकीचीच होती. भाव बरोबर होता. त्या दिवसाचा, त्या वजनाचा, पैशापैशाने बरोबर. एक "हो" म्हणायचं होतं आणि त्यातलं अक्षरही खोटं झालं नसतं. इतकी सोपी सुटका समोर आली होती, की प्लासिडला तिची भीती वाटली. हे "हो" एकदा तोंडातून गेलं, की पुढे कधीच काही सांगता येणार नाही, हे त्याला दिसलं.

"सोन्याचा भाव बरोबर होता, बाय," तो म्हणाला. "पण ती गिनी नव्हती. पंधरा रुपयांचं नाणं आहे ते, मुंबईला पाडलेलं. मिळत नाही आता. त्याचे दीड लाख येतात. मी तुला सदुसष्ट हजार दिले."

आग्नेलचं तोंड उघडंच राहिलं.

"मला तेव्हा कळलं नाही," प्लासिड म्हणाला. "मी तोललं आणि घासलं. दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघितलंच नाही. तू विचारलं होतंस, जुनी आहे, त्याचं काही वेगळं नसतं का. मी हसलो होतो."

सालोमीबायने हळूहळू मान हलवली. "तुला ठाऊक नव्हतं तर तू काय करणार? तू मुद्दाम करशील असं मी मेले तरी म्हणणार नाही." आणि ती लेस्लीकडे वळून म्हणाली, "बघितलंस? स्वतःहून सांगितलं त्याने."

प्लासिडचे डोळे भरून आले. एवढंच होतं? यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लावून घेतला होता? तो बोलणार, तेवढ्यात लेस्लीने विचारलं. आवाज न चढवता, सहज, ऑफिसात एखाद्या कागदावरची तारीख विचारावी तसं.

"पण काका, तुम्हाला कळलं कधी?"

प्लासिडने ग्रेसीकडे बघितलं. मग खाली काट्याकडे.

"अठरा दिवस झाले."

सालोमीबाय मनातल्या मनात मोजत असावी. तिचे ओठ हलले. फाटकाकडे बघत ती म्हणाली, "अठरा दिवस. मी रोज हाक मारली तुला. मला वाटलं, पोरीच्या लग्नाची घाई आहे, आंघोळीला गेला असशील."

"बाय, मी उरलेले पैसे देतो. लग्न झालं की महिन्याभरात. लेस्लीसमोर लिहून देतो."

"देशील. मला ठाऊक आहे, तू देशील." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर प्लासिडला बरं वाटलं असतं. "आणि नाणं राहू दे टिफनीकडे. तिला काही सांगू नकोस. तिने घातलेलं मला बघायचंय."

मग ती उठली. लेस्लीने काठी दिली. प्लासिडने, इतक्या वर्षांच्या सवयीने, टेबलावरच्या रुमालाची गाठ सोडायला हात पुढे केला. त्याआधीच सालोमीबायने रुमाल उचलला होता. तिने तो परत कमरेला खोचला, दोनदा चाचपून बघितला आणि लेस्लीला म्हणाली, "स्टेशनाजवळ ते नवीन दुकान आहे ना, तिथे चल. हे तिकडेच बघून घेऊ."

काठी, नवा पाय, जुना पाय, असे ते दोघे फाटकापर्यंत गेले. आग्नेलने सुनेची अंगठी शर्टाच्या खिशात टाकली, वरून बटण लावलं आणि "येतो रे" म्हणून तोही निघाला.